पंचवटीच्या नामावळ्या आणि संगणकाची अक्षरे

पंचवटीत रामकुंडाच्या परिसरातील तीर्थोपाध्यायांच्या दप्तरी यजमानांच्या नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या जतन केलेल्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्याय नेमकी वही काढतात, आणि तिच्या जुन्या पानांवर मोडीत, तर अलीकडच्या पानांवर बाळबोधीत, आपल्या पूर्वजांच्या नोंदी वाचावयास मिळतात. हे धन संगणकात सुरक्षित व्हावे असे ज्याला मनापासून वाटते, त्याने प्रथम एका अमेरिकन कोष्टकाची हकीकत समजून घेतली पाहिजे.

संगणकास अक्षर ठाऊक नसते, केवळ अंक ठाऊक असतो. म्हणून कोणत्या अक्षरास कोणता अंक द्यावयाचा याचा करार आधी व्हावा लागतो. तारायंत्राच्या युगात पाच स्थानांच्या संकेतांवर काम भागत असे, परंतु त्यांतून ३२ चिन्हेच सिद्ध होत. आणि पुढे निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे निरनिराळे संकेत वापरू लागल्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्यास वाचता येईना. यावर तोडगा म्हणून १९६३ साली अमेरिकेच्या प्रमाणक संस्थेने ‘आस्की’ हा संकेत मुक्रर केला. त्यात शून्य किंवा एक यांची सात स्थाने, अर्थात १२८ संकेत. पुढे स्थिरावलेल्या रूपात त्यांपैकी ३३ यंत्रास हुकूम देण्यासाठी, आणि रिकामी जागा धरून ९५ लेखनासाठी. इंग्रजी लहान अक्षरे तर १९६७ च्या आवृत्तीत कायम झाली. मोठा ‘ए’ ६५ व लहान ‘ए’ ९७, म्हणजे अंतर नेमके ३२, त्यामुळे एकच स्थान पालटले की अक्षराचे रूप पालटते. ही रचना खरोखर प्रशंसनीय आहे. १९६८ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आस्की सरकारी संगणकांस लागू केला, आणि त्याचा अंमल जगभर पसरला.

त्या कोष्टकात मराठीस मात्र ठाव नव्हता. आपल्याकडे इंग्रजी अक्षरांच्याच अंकांवर मराठी आकृत्या चढविणारे फाँट दीर्घकाळ चालले. कागदावर छपाई सुरेख होई, परंतु यंत्राच्या दप्तरी इंग्रजीच नोंदली जाई. फाँट बदलताच मजकूर निरर्थक होई. अशा रीतीने लिहिलेले किती मराठी साहित्य आज वाचनाबाहेर गेले असेल, या विचाराने मन विषण्ण होते.

१९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘इस्की’ प्रसिद्ध केला. त्यात आस्कीचे १२८ संकेत अबाधित ठेवून वरच्या संकेतांत भारतीय लिप्या बसविल्या, आणि समान ध्वनीस सर्व लिप्यांत समान अंक दिला. जगातील लिप्यांसाठीच्या ‘युनिकोड’ या सामाईक संकेतातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या, १९८८ च्या रूपावरूनच घेतलेली आहे. तेथे ‘क’चा अंक २३२५, मराठीस आवश्यक असा स्वतंत्र ‘ॲ’ मात्र २००८ साली आला. मोडीस स्थान मिळाले २०१४ मध्ये, अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावावरून. मोडीच्या ‘क’चा अंक ७११८२.

म्हणून नामावळ्यांची केवळ छायाचित्रे घेऊन थांबू नये, कारण छायाचित्रात नाव शोधता येत नाही. जाणकारांनी उपाध्यायांच्या संमतीने मोडी नोंदी वाचून त्या मोडीत आणि देवनागरीत, युनिकोडातच उतरवून घ्याव्यात, आणि जुन्या फाँटांतील आपापले मजकूरही आताच पालटून ठेवावेत.