शस्त्राचे टोक आणि शल्यविशारदाचा कान

शल्यकर्माच्या इतिहासात डोळ्याचे आणि हाताचे माहात्म्य जितके गायिले गेले, त्याच्या शतांशानेही कानाचे गायिले गेलेले नाही. आणि तरीही शस्त्राचे टोक मांसाआड, हाडाआड किंवा मेंदूच्या गाभ्यात शिरून दिसेनासे झाले, की ते नेमके कोठे पोहोचले आहे हे सांगण्याचे काम अनेकदा कानावरच येऊन पडते. डोळे पडद्यावर किंवा जखमेवर खिळलेले, दोन्ही हात गुंतलेले, अशा वेळी मोकळे राहिलेले इंद्रिय हेच, या साध्या जाणिवेवर ध्वनिसंकेतांनी शस्त्राला वाट दाखविण्याची पद्धत उभी आहे. हे संकेत दोन जातींचे असतात. काही ध्वनी यंत्राने रचलेले असतात, म्हणजे विद्युत्प्रवाह, किरणोत्सार किंवा प्रकाश यांच्या मोजमापाला कोणीतरी ठरवून स्वर दिलेला असतो; तर काही ध्वनी प्रत्यक्ष शरीरातूनच उठतात आणि यंत्र त्यांना केवळ मोठे करते. या दुसऱ्या जातीकडे प्रस्तुत लेखाचा ओढा अधिक आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

पूर्वपीठिका थोडक्यात अशी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रोगज्ञानाचे सहा उपाय सांगितले आहेत, पाच ज्ञानेंद्रिये आणि सहावा प्रश्न; त्यांपैकी कानाने कळणाऱ्या गोष्टींत फेसाळ रक्तासह आवाज करीत जखमेतून बाहेर पडणारा वायू गणला आहे, आणि निदानस्थानात मोडलेले हाड दाबले असता होणारा आवाज हे अस्थिभंगाचे लक्षण मानले आहे. युरोपात १७६१ मध्ये लिओपोल्ड आउएनब्रुगर याने छातीवर बोटांनी ठोकून रोग ओळखण्याची रीत मांडली आणि १८१६ मध्ये लाएनेक याने स्टेथोस्कोप घडविला. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने टेलिफोनच्या श्रवणनळीत धातूजवळ गुणगुणणारे उपकरण आणले. परंतु बिछान्यातील पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला, प्रमुख डॉक्टरांनी शरीराची उजवी बाजूच तेवढी तपासू दिली, गोळी होती डावीकडे, आणि सप्टेंबरमध्ये गारफील्ड निवर्तले. पुढे क्ष-किरणांचा शोध लागला आणि कान पुन्हा मागे पडला.

आजची स्थिती पाहण्यासाठी त्र्यंबकेश्वरपासून निघणे सोयीचे आहे, कारण तेथील रुग्णाचा उपचारासाठीचा प्रवास, गावातील सरकारी रुग्णालय, तेथून सुमारे ३० किलोमीटरवरचे नाशिक आणि शेवटी मुंबई, असा टप्प्याटप्प्यांचा असतो आणि शस्त्रक्रियागृहातील ध्वनीही त्याच क्रमाने अधिकाधिक सूक्ष्म होत जातात. तालुक्याच्या गावातील शस्त्रक्रियागृहात ऐकू येणारा पहिला संकेत पल्स ऑक्सिमीटरचा. बोटाला लावलेल्या चिमट्यातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजणाऱ्या या यंत्रामागचे तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. पण त्याची खरी करामत नंतर जोडल्या गेलेल्या स्वरात आहे. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला एक 'टिक' आणि प्राणवायू उतरू लागला की त्या स्वराची पट्टीही खाली, अशी योजना असल्यामुळे भूलतज्ज्ञाला मान वळवून आकडा वाचावा लागत नाही, आणि पोटात हात घातलेला सर्जनही स्वर उतरताच थबकतो. हे यंत्र शस्त्राला दिशा देत नाही, केवळ थांबवते, म्हणून त्याला या विषयाचे उंबरठ्यावरचे उदाहरण म्हणावे. त्याच्या प्रसाराशी एका मराठी घराण्याचे नाव जोडलेले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळच्या उटी गावचे आत्माराम गावंडे अमेरिकेत मूत्ररोगशल्यविशारद झाले. त्यांचे पुत्र अतुल गावंडे यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या शस्त्रक्रिया-सुरक्षेच्या १९ कलमी तपासयादीत पल्स ऑक्सिमीटर चालू असल्याची खातरजमा हे एक कलम आहे, आणि गरीब देशांतील शस्त्रक्रियागृहांपर्यंत हे यंत्र पोहोचविण्यासाठी २०११ मध्ये स्थापन झालेल्या 'लाइफबॉक्स' या संस्थेमागेही तेच आहेत.

नाशिकसारख्या शहरातील अस्थिरोग शस्त्रक्रियांत ध्वनी प्रत्यक्ष हत्याराच्या टोकाशी येतो. खुब्याचा सांधा सिमेंटशिवाय बदलताना मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूची कानस हातोडीने ठोकत बसवतात, तेव्हा ठोक्याचा स्वर हळूहळू चढत जातो आणि एका टप्प्यावर स्थिर होतो. तो स्थिर झाला की कानस घट्ट बसली, आणि एकाएकी बद्द झाला तर हाडाला तडा गेल्याची शंका घ्यावी, हे ज्ञान पुस्तकापेक्षा वरिष्ठाच्या शेजारी उभे राहूनच अधिक मिळते. मणक्याच्या शस्त्रक्रियेत मात्र असे नैसर्गिक ठोके पुरत नाहीत. मणक्याच्या पेडिकल नावाच्या अरुंद अस्थिपुलातून स्क्रू नेताना टोक जरा आत घसरले तर मज्जारज्जू, जरा बाहेर घसरले तर रक्तवाहिनी. यासाठी फ्रान्समध्ये विकसित झालेल्या 'पेडिगार्ड' या टोच्याच्या टोकातून सूक्ष्म विद्युत्प्रवाह सोडला जातो आणि भोवतालची ऊती तो किती सहज वाहून नेते यावर त्याचा आवाज ठरतो. जाळीदार हाडात मध्यम स्वर, कठीण कवचाजवळ खालचा आणि संथ, तर रक्त किंवा मऊ ऊती लागताच उंच आणि घाईचा. टोक हाड फोडून बाहेर पडण्याच्या आधीच स्वर बदलू लागतो, आणि सर्जन टोच्याची दिशा वळवू शकतो.

मुंबईत परळला, १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, ध्वनीची आणखी एक वाट पाहायला मिळते. स्तनाचा कर्करोग पसरला असेल तर तो बहुधा काखेतील ज्या लसिकाग्रंथींकडे सर्वांत आधी जातो, त्यांना प्रहरी ग्रंथी म्हणतात. त्या कर्करोगमुक्त निघाल्या तर काखेतील बाकीच्या ग्रंथी काढाव्या लागत नाहीत आणि हात कायमचा सुजण्याचा धोका टळतो. त्या शोधण्यासाठी टेक्नेशियम-९९एम या, सहा तासांत निम्म्यावर येणाऱ्या किरणोत्सारी द्रव्याचे कण टोचून गॅमा प्रोब नावाची निर्जंतुक वेष्टनातील कांडी काखेवरून फिरवतात, आणि ग्रंथी जवळ आली की यंत्राचा आवाज दाट होत जातो. १९९३ मध्ये डेव्हिड क्राग यांनी ही रीत स्तनकर्करोगासाठी मांडली. ग्रंथी काढल्यावर ती कांडी पुन्हा रिकाम्या जागेवर धरून, आवाज खरोखर मंदावला का, हे ऐकले जाते.

ध्वनितंत्राच्या चाहत्याला अडचणीचे वाटावे असे एक संशोधन याच रुग्णालयातून आले आहे. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काखेच्या खालच्या भागातील ठरावीक मर्यादेतल्या चरबीसह ग्रंथी कोणत्याही कांडीविना काढण्याची साधी पद्धत प्रहरी ग्रंथीच्या तपासणीइतकीच भरवशाची ठरल्याचे दाखवून दिले. जिथे गॅमा प्रोब नाही आणि किरणोत्सारी द्रव्य वेळेत पोहोचत नाही, अशा जिल्ह्याच्या ठिकाणी या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. ध्वनिसंकेत कितीही मोहक असला, तरी शरीररचनेचे पक्के ज्ञान असलेला हात त्याची जागा घेऊ शकतो तिथे ती त्याने घ्यावी, असे म्हणणे भाग आहे.

मेंदूच्या गाभ्यात मात्र हाताला असा पर्याय नसतो, आणि ती कथा सांगण्यासाठी पुन्हा त्र्यंबकेश्वरकडे, परंतु वैद्यकाबाहेरच्या कारणाने, वळावे लागते. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी चित्रपटाच्या ध्यासापायी डोळे इतके शिणवले की काही काळ त्यांची दृष्टीच गेली होती. पुढे १९१३ मध्ये त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' दाखविला तेव्हा हरिश्चंद्राला पडद्यावर वाचा नव्हती. तोच हरिश्चंद्र १९३२ मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त मराठी बोलू लागला, आणि स्वतः फाळक्यांचा बोलपट 'गंगावतरण' १९३७ मध्ये आला. मधल्या वर्षांत जे घडले त्याच्या मुळाशी होता निर्वात काचनळीचा व्हॉल्व्ह, म्हणजे क्षीण विद्युत्संकेत हजारो पटींनी मोठा करणारे साधन. चित्रपटाच्या इतिहासकारांनी व्हॉल्व्हची ही बाजू सांगितली आहे. पण त्याच काळात त्याच व्हॉल्व्हने मज्जातंतूंनाही वाचा दिली, हे सहसा सांगितले जात नाही. केंब्रिजमधील एडगर एड्रियन यांनी मज्जातंतूतील विद्युत्स्पंदने व्हॉल्व्हने वाढवून ध्वनिक्षेपकातून ऐकली. अंधाऱ्या खोलीत बेडकाच्या जातीच्या एका प्राण्याच्या नेत्रतंतूला विद्युतअग्रे जोडली असताना ध्वनिक्षेपक सतत खडखडत राहिला आणि काही वेळाने एड्रियन यांच्या लक्षात आले, की तो प्राणी त्यांची स्वतःचीच हालचाल पाहतो आहे. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेही १९३२ मध्येच.

यातील भौतिकाची बाजू विलक्षण आहे. मज्जापेशीचे एक स्पंदन साधारण एक सहस्रांश सेकंद टिकते. इतक्या अल्पकाळाच्या धक्क्यातील बरीचशी ऊर्जा सेकंदाला हजार कंपनांच्या आसपास असते, आणि मानवी कान नेमका तिथे तीक्ष्ण आहे. त्यामुळे हा संकेत कोणत्याही रूपांतराशिवाय, केवळ मोठा करून, 'टक्' असा ऐकू येतो. गॅमा प्रोबचा स्वर कारखान्यात ठरलेला असतो. मज्जापेशीचा तसा नसतो. १९६०च्या दशकात पॅरिस परिसरात डेनिस आल्ब-फेसार आणि जेरार ग्यो यांनी ही श्रवणविद्या शस्त्रक्रियागृहात आणली, आणि ग्रनोबलच्या आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ पासून मेंदूच्या खोल भागात कायमचे विद्युतअग्र ठेवून कंप थांबविण्याची पद्धत रूढ केली, तेव्हा तिला मोठे कार्यक्षेत्र मिळाले. मुंबईत पेडर रोडवरील जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ही शस्त्रक्रिया १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून रुजविली.

जिच्यासाठी ही शस्त्रक्रिया प्रामुख्याने होते ती व्याधी म्हणजे कंपवात, अर्थात पार्किन्सन्स. आयुर्वेदात कंपवातासाठी वापरली जाणारी खाजकुयली सह्याद्रीतील लोकांना अंगाची आग करणारी वेल म्हणूनच अधिक ठाऊक असते. तिच्या बियांतून लेव्होडोपा हे द्रव्य दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्ये वेगळे केले, आणि आजही कंपवाताचे मुख्य औषध तेच आहे. वर्षे लोटल्यावर औषधाचा परिणाम अनियमित होऊ लागलेल्या निवडक रुग्णांना शस्त्रक्रियेचा विचार सुचविला जातो.

रुग्णाच्या कवटीला धातूची चौकट बसवून, स्कॅनवरून अंतरे मोजून, केवळ जागा बधिर करून कवटीला छिद्र पाडतात. रुग्ण जागा असतो आणि त्याची औषधे आदल्या रात्रीपासून थांबविलेली असल्याने हात थरथरत असतो. लक्ष्य असते सबथॅलॅमिक न्यूक्लिअस, म्हणजे थॅलॅमसखालचा, मध्यरेषेपासून सुमारे १२ मिलिमीटर बाजूला असलेला, जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा पेशीपुंज. केसाहून बारीक टोकाचे विद्युतअग्र लक्ष्याच्या साधारण १० मिलिमीटर वरून अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने खाली सरकवू लागले, की खोलीतले बोलणे थांबते. आधी थॅलॅमसच्या पेशींचे तुरळक, झुबक्याझुबक्यांनी येणारे टक्कार ऐकू येतात. मग शांतता पसरते. ही शांतता नवख्याला यंत्र बिघडल्यासारखी वाटते. परंतु जाणकार तिचीच वाट पाहत असतो, कारण पेशी विरळ असलेला तो पट्टा ओलांडला, की लक्ष्य जवळ आलेले असते. आणखी मिलिमीटर-दोन मिलिमीटर, आणि आषाढात त्र्यंबकच्या पत्र्यांवर सर कोसळावी तसा दाट, अनियमित खडखडाट एकदम भरून येतो. हा पेशीपुंज. आता डॉक्टर रुग्णाचे मनगट हलवून पाहतात, आणि त्या लयीत आवाज उसळला तर हालचालींशी संबंधित भाग गाठला गेला असे समजते. काही पेशी तर रुग्णाच्या हाताच्या कंपाबरोबरच, सेकंदाला चार ते सहा वेळा, झुबक्यांनी टक्कारतात, आणि बाहेर थरथरणारा हात आणि आत वाजणारी पेशी यांची लय एकच असल्याचे खोलीतील प्रत्येकाला कळते. आणखी खाली गेले की आवाज पुन्हा ओसरतो आणि मग जलद, नियमित टक्कार सुरू झाले तर टोक खालच्या सब्स्टॅन्शिया नायग्रात शिरले, म्हणजे पुंजाची खालची सीमा मिळाली. वरची आणि खालची सीमा अशी कानाने आखून झाल्यावर कायमचे विद्युतअग्र मधोमध ठेवतात आणि त्यातून सेकंदाला साधारण १३० स्पंदने सोडून पाहतात.

या श्रवणाला विरोध करणारे शल्यविशारद आहेत आणि त्यांचा युक्तिवाद हलका नाही. मेंदूत जितक्या वेळा सुई जाईल तितका रक्तस्रावाचा धोका वाढतो; शिवाय औषधाविना तासन्‌तास जागे राहणे रुग्णाला कष्टाचे असते. आता स्कॅन इतके स्पष्ट झाले आहेत की पूर्ण भूल देऊन, केवळ प्रतिमेच्या आधारे विद्युतअग्र बसविणारी केंद्रे वाढली आहेत, आणि अनेक तुलनात्मक अभ्यासांत दोन्ही पद्धतींच्या फलितांत मोठा फरक आढळलेला नाही. तरीही प्रस्तुत लेखकाचा कौल श्रवणाकडे झुकतो; कवटी उघडल्यावर थोडा द्रव निघून जातो आणि मेंदू किंचित सरकतो, त्यामुळे सकाळच्या स्कॅनमधील जागा आणि दुपारची जागा तंतोतंत एक राहतेच असे नाही, आणि हा फरक त्या क्षणी टोकावर ऐकू येणारी पेशीच सांगू शकते. या विद्येचे खरे वैर प्रतिमेशी नसून गोंगाटाशी आहे. आधुनिक शस्त्रक्रियागृहात प्रत्येक यंत्राचा आपला भोंगा असतो, आणि दहा भोंग्यांत अर्थपूर्ण शांतता ऐकू येणे कठीण. नाशिकला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने शल्यविद्येच्या पदव्युत्तर शिक्षणात ऐकण्याचा रीतसर सराव ठेवायला हरकत नसावी.

कायमचे विद्युतअग्र बसल्यावर कानाचे काम संपते. छातीच्या कातडीखाली ठेवलेली नवी यंत्रे मेंदूतील लहरी टिपून ठेवतात, परंतु त्या एकेका पेशीच्या नसून हजारो पेशींच्या सामूहिक असतात. कंपवातात बळावणाऱ्या बीटा लहरींची वारंवारता सेकंदाला १३ ते ३० एवढीच असते, आणि मानवी श्रवणाची खालची मर्यादा २० च्या आसपास. त्यामुळे त्या ऐकवल्या जात नाहीत, त्यांचा आलेख बाह्यरुग्ण विभागातील पडद्यावर उमटतो आणि मेंदूविकारतज्ज्ञ तो वाचून विद्युत्प्रवाह कमी-जास्त करतात.