मुरडीची पॅस्टी

इंग्रजांनी जगभर राज्य केलं ते घरचं जेवण चुकवण्यासाठी, असं आमचे हे म्हणायचे. लीड्सला पाच वर्षं काढल्यावर माझं मत थोडं निवळलं होतं. या देशात जेवण वाईट नाही. फक्त ते ज्या गावचं, त्या गावी जाऊन खावं लागतं. जसं आपल्याकडे मालवणी जेवण नागपुरात मागू नये!

1994 च्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे आली. बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. वर्षसुतक संपलं, पण आईने दिवाळीची करंजी काही पुन्हा केली नाही. बाबांना मुरडीच्या करंज्या आवडत. "खाणारं माणूस नाही, मुरडत कोण बसतो?" एवढंच म्हणायची. जेवण दोन घास, बोलणं त्याहून कमी. म्हणून तिला घेऊन मोटारीने निघालो ते थेट कॉर्नवॉलला, सेंट आइव्ह्जला.

तिथे बेकरीच्या काचेमागे एक बाई पॅस्टी वळत होत्या. कच्चं गोमांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा सलगमच्या जातीचा पिवळसर कंद भरून अर्धचंद्राकार घडी घालायची आणि कड मुरडायची. कथलाच्या खाणींत उतरणारे कामगार हा डबा बरोबर नेत. कोपऱ्यावर नावाची आद्याक्षरंही काढत. (2011 साली युरोपीय संघाने नियमच केला: कॉर्नवॉलमध्ये बनेल तीच कॉर्निश पॅस्टी, आणि मुरड कडेलाच हवी. गाजर घालाल तर खबरदार!)

आई काचेला नाक लावून उभी. "अगं, ही तर करंजी! पण मुरड सैल घालत्येय. तळताना फुटेल."

"आई, ती भाजतात."

"मग चालेल," आईने परवानगी दिली.

आई शाकाहारी, म्हणून तिच्यासाठी चीज-कांद्याची घेतली आणि बंदरावरच्या बाकावर बसलो. यांनी पहिला घास घेतला मात्र, आणि मागून एक सीगल असा झेपावला की हातात नुसता कागद उरला. पक्षी तरी केवढा, आपल्या कावळ्याच्या दुप्पट! हे रागाने लाल. मी हसू दाबत आईकडे पाहिलं, तर तिचे डोळे भरलेले.

"यांच्या दहाव्याला तासभर कावळा शिवला नव्हता गं," ती म्हणाली. "सगळे काय काय कबूल करत होते. आणि हा बघ, न बोलावता आला!" आणि मग पदर तोंडाला लावून ती जी हसत सुटली! जावईबापूंना स्वतःची अर्धी पॅस्टी तिने मोडून दिली.

पुढचे तीन दिवस तिने भरपूर खाल्लं. केशर घातलेले पिवळे बन पाहून "यांना केशर कुठून मिळालं?" म्हणून चकित झाली. राहत्या घराच्या मालकीणबाईंनी स्कोन, जॅम आणि क्लॉटेड क्रीम पुढे ठेवून बजावलं, की आधी जॅम, वर क्रीम. शेजारच्या डेव्हनमध्ये उलटं करतात, तिकडे लक्ष देऊ नका. तासन् तास मंद आचेवर तापवलेली ती घट्ट साय! आईने स्कोन बाजूला सारला आणि साय-साखर खावी तसं दोन्ही कालवून चमच्याने संपवलं. बाई बघतच राहिल्या. डेव्हनवालेही यापेक्षा बरे, असं त्यांना वाटलं असावं.

लीड्सला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी आईने मैदा मागितला. सारण बटाटा, कांदा, चीज आणि चवीला हिरवी मिरची. मुरड मात्र तिची, दोरीच्या पिळासारखी घट्ट. बावीस झाल्या. ओव्हनमधून काढलेली पहिली यांनी उचलायला हात पुढे केला, तर आई म्हणाली, "थांबा जावईबापू."

ती घेऊन ती परसात गेली आणि भिंतीवर ठेवून आली.