खर्च सांगायला लाज कसली?

हिशेब, जमा, खर्च, वजा, बाकी. हे पाचही शब्द अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि वाण्याच्या वहीत असे रुळले, की आज त्यांना कोणी परके म्हणणार नाही. त्यातल्या ‘जमा’ या शब्दाला समाजात मान आहे. ‘खर्च’ मात्र आपण झाकून ठेवतो. पगार किती, हे पाहुण्याला एक वेळ सांगू. पण औषधाला किती जातात, भाडं थकलंय का, हे सख्ख्या भावालाही सांगणार नाही. अब्रूचा प्रश्न असतो ना!

आज मी ज्या योजनेविषयी बोलणार आहे, तिथे हा झाकलेला खर्च उघड केल्याशिवाय ताटात पुरेसं वाढलं जात नाही. योजना आपल्याकडची नाही, अमेरिकेतली आहे. पण आपली पुष्कळ माणसं आता तिकडे म्हातारी होत आहेत, म्हणून तिची माहिती असलेली बरी.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेत आणि रेशन? होय. १९३९ साली, मंदीच्या दिवसांत, न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात ही सुरुवात झाली. गरजू माणसाने एक डॉलरची नारिंगी तिकिटं विकत घेतली, की त्याला पन्नास सेंटची निळी तिकिटं फुकट मिळत. निळ्या तिकिटांवर सरकारने जादा ठरवलेला शेतमाल घेता येई. युद्धाच्या काळात ही योजना बंद पडली. १९६१ मध्ये केनेडींनी ती प्रयोग म्हणून पुन्हा सुरू केली आणि १९६४ मध्ये तिचा कायदा झाला. आधी पदरचे पैसे भरून तिकिटं घ्यायची अट १९७७ च्या कायद्याने काढून टाकली. पुढे तिकिटं जाऊन बँकेच्या कार्डासारखं कार्ड आलं, आणि २००८ मध्ये ‘फूड स्टॅम्प’ हे नाव जाऊन ‘सप्लिमेंटल न्यूट्रिशन असिस्टन्स प्रोग्राम’ असं लांबलचक नाव पडलं. लोक त्याला ‘स्नॅप’ म्हणतात. २०२४ साली दर महिन्याला सरासरी चार कोटींहून अधिक माणसं या कार्डावर धान्य, भाजी, दूध, अंडी, मांस घेत होती. साबण, औषध, दारू, तंबाखू मात्र या कार्डावर मिळत नाही.

आपल्या रेशनची रीत निराळी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य. तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणायचा. त्यावर खर्चाचा रकाना नसतो. घरात मधुमेहाचा रोगी असो वा नसो, धान्य तेवढंच. अमेरिकेतला कायदा मात्र विचारतो, उत्पन्न किती हे कळलं, पण त्यातून जेवायला उरतं किती?

हा प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटतो. भाडं कमी देता येत नाही. घरमालक बाहेर काढतो. विजेचं बिल कमी भरता येत नाही, वीज तोडतात. रक्तदाबाची गोळी अर्धी करून खाता येत नाही. काही जण खातात, आणि पस्तावतात. कमी करता येतं ते फक्त ताटातलं. म्हणून गरीब घरात टंचाई आली, की पहिली कात्री पोटाला लागते. ही कात्री कुठे आणि किती लागते, ते मोजायचं तर खर्च कळलाच पाहिजे.

आता हिशेबाकडे वळू. मी बी.ए. झालेला कवी, गणिताशी माझं फारसं सख्य नाही. तेव्हा मला जमलं ते तुम्हालाही जमेल. आकडे दर ऑक्टोबरला बदलतात. सोयीसाठी मी ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या वर्षाचे घेतो.

कायदा असं धरतो, की वजावटी जाऊन जे उत्पन्न उरतं, त्याचा तीस टक्के भाग कुटुंबाने स्वतः जेवणावर खर्च करावा. कमी पडेल ते सरकार देईल. एकट्या माणसासाठी महिन्याची कमाल रक्कम त्या वर्षी २९२ डॉलर होती. त्यातून तुमचे तीस टक्के वजा करायचे. राहिलेली बाकी तुमच्या कार्डावर जमा.

समजा, अडुसष्ट वर्षांची एक आजी आहे. एकटी राहते. महिन्याला १,२०० डॉलर पेन्शन येते. सगळ्यांना मिळणारी ठोक वजावट २०४ डॉलर. उरले ९९६. त्याचे तीस टक्के जवळजवळ २९९. म्हणजे कमाल रकमेपेक्षाही जास्त. आजीने दुसरा काहीच खर्च सांगितला नाही, तर तिच्या हाती पडतात किमान रकमेचे २३ डॉलर.

आता आजी म्हणाली, “बाबा रे, घरभाडं आणि वीज-गॅस मिळून माझे ७०० डॉलर जातात.” कायदा म्हणतो, उरलेल्या उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंतचं भाडं तुम्ही सोसायचं, त्यावरचं आम्ही वजा धरू. ९९६ चे निम्मे ४९८. त्यावरचे २०२ वजा झाले, उरले ७९४. त्याचे तीस टक्के २३९. आता आजीला मिळतात ५३ डॉलर.

मग तिला आठवलं, की डॉक्टर आणि औषधांवर दर महिन्याला पदरचे ११५ डॉलर जातात. साठ वर्षांवरच्या किंवा अपंग माणसाला पहिले ३५ डॉलर सोडून वरचा सगळा औषधखर्च वजा मिळतो. इथे ८० डॉलर. उत्पन्न आलं ९१६ वर. त्याचे निम्मे ४५८, म्हणजे भाड्याची वजावटही वाढून २४२ झाली. शेवटी उरले ६७४, त्याचे तीस टक्के २०३, आणि आजीच्या कार्डावर ८९ डॉलर.

तेवीसचे एकोणनव्वद झाले. वर्षाला ७९२ डॉलरचा फरक पडला. आजीची पेन्शन वाढली नाही, तिने खोटं काही सांगितलं नाही. जे होतं तेच, पण सगळं सांगितलं.

औषधखर्चात डॉक्टरची फी आणि गोळ्या एवढंच येत नाही. विम्याचा हप्ता, चष्मा, दातांची कवळी, कानाचं यंत्र, डॉक्टरने सांगितलेली पण चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं, इतकंच काय, दवाखान्यात जाण्यायेण्याचं भाडंसुद्धा त्यात धरतात. विम्याने भरलेली रक्कम मात्र धरत नाहीत. काही राज्यांत ३५ डॉलरच्या वरचा खर्च दाखवला, की एक ठोक वजावट देऊन टाकतात. पावती-पावतीचा हिशेब लागत नाही. तरुण कुटुंबांसाठी वेगळ्या सोयी आहेत. मजुरीच्या कमाईतले वीस टक्के वजा होतात, आणि कामावर जाण्यासाठी मूल पाळणाघरात ठेवावं लागलं तर तो खर्च पूर्ण वजा होतो. घरात कोणी म्हातारं किंवा अपंग नसेल, तर भाड्याच्या वजावटीला मर्यादा आहे. त्या वर्षी ती बहुतेक राज्यांत ७१२ डॉलर होती.

इतकं सोपं असून माणसं सांगत का नाहीत? माझी मोठी बहीण सोलापूरहून लग्न होऊन शिकागोला गेली, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. आम्ही तिला आपा म्हणतो. भाईजान वारल्यावर ती एकटी राहते. आता तिकडची नागरिक आहे. अर्ज केल्यावर मुलाखतीचा फोन आला. पलीकडच्या बाईने विचारलं, “औषधपाण्याचा काही खर्च?” आपा म्हणाली, “अल्लाचा शुकर आहे, सगळं ठीक आहे.” तिच्या टेबलावर तेव्हा गोळ्यांच्या सात डब्या होत्या. हे मला माझ्या भाचीने सांगितलं. मी फोनवर आपाला विचारलं, तर ती म्हणाली, “अरे, परक्या बाईसमोर रडगाणं गायचं का? अम्मीने आपल्याला असं शिकवलं होतं?”

यावर मी काय बोलणार? अम्मीने खरंच तसं शिकवलं नव्हतं. पाव्हणा दारात असताना डब्यातलं पीठ संपलंय हे तिने कधी कळू दिलं नाही. पण मी आपाला एवढंच म्हणालो, की रडगाणं वेगळं आणि हिशेब वेगळा. रडगाण्यात समोरच्याच्या दयेवर भिस्त असते. हिशेबात दया नसते. दुकानदाराला आपण उरलेले सुटे पैसे परत मागतो, तेव्हा भीक मागत नाही. भाचीने मग चपलांच्या रिकाम्या खोक्यात वर्षभराच्या पावत्या गोळा केल्या आणि कचेरीकडे पाठवल्या. नियम असा आहे, की बदल मध्येच कळवला तरी चालतो; पुढच्या नूतनीकरणाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पूर्ण सांगणं निराळं आणि फुगवून सांगणं निराळं. अर्जावर सही करताना खोटं सांगितल्यास शिक्षा होईल हे मान्य करावं लागतं. जाणूनबुजून फसवणूक केल्याचं ठरलं तर त्या माणसाचा लाभ पहिल्या खेपेला एक वर्ष, दुसऱ्या खेपेला दोन वर्षं आणि तिसऱ्या खेपेला कायमचा बंद होतो. आईचं भाडं मुलगा परस्पर घरमालकाला देत असेल, तर तो आईचा खर्च धरत नाहीत. आणि कुटुंब कशाला म्हणायचं, याचं त्यांचं उत्तर आपल्याला चटकन समजेल. एकत्र राहणारी जी माणसं एकत्र सामान आणून एकत्र रांधतात, ती एक कुटुंब. आपण ‘चूल एक की वेगळी’ असं विचारतो, तेच. नवरा-बायको आणि बावीस वर्षांखालची मुलं व त्यांचे आईबाप मात्र चूल वेगळी म्हणाले तरी एकच धरतात.

मुलाने बोलावून ग्रीन कार्डावर नेलेल्या आईवडिलांनी आणखी एक लक्षात ठेवावं. प्रौढांना सहसा पाच वर्षं थांबावं लागतं, आणि ज्याने बोलावलं त्याचं उत्पन्नही पुष्कळदा हिशेबात येतं. जुलै २०२५ च्या कायद्याने नियम आणखी कडक केले. निर्वासित म्हणून आलेल्या अनेकांना योजनेतून वगळलं, आणि इंटरनेटचं बिल घरखर्चात धरायचं नाही असं ठरवलं. म्हणजे धरण्याजोगे खर्च कमी होत चालले आहेत. मग जे अजून धरले जातात, ते सोडून देणं परवडणारं नाही.

तुमचं कोणी तिकडे एकटं राहत असेल, तर पुढच्या फोनवर तब्येत विचाराल, हवापाणी विचाराल. त्याबरोबर एवढं विचारा, की भाड्याची पावती, विजेचं बिल आणि औषधांच्या चिठ्ठ्या जपून ठेवता ना? कचेरीतून फोन आला आणि त्यांनी खर्च विचारला, तर सांगा. नाही विचारला, तर आपण होऊन सांगा. कारण न सांगितलेला खर्च कागदावर शून्य असतो, आणि त्या शून्याची भरपाई कोणीतरी रात्री अर्धपोटी झोपून करत असतं.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)