चढावर ज्याचा त्याचा वेग

आज बोलूया ट्रायथलॉनच्या तयारीतल्या एका कठीण दिवसाबद्दल: गटाबरोबर, चढ-उताराच्या रस्त्यावर, चार-पाच तासांची सायकल राइड.

गोव्यात 2019 साली सुरू झालेल्या आयर्नमॅन 70.3 स्पर्धेत 1.9 किलोमीटर पोहणं, 90 किलोमीटर सायकल आणि 21.1 किलोमीटर धावणं असतं. सायकल संपते तेव्हा अर्धमॅरेथॉन बाकीच असते. म्हणून आपली कसोटी घाटमाथ्यावर लागत नाही, सायकल ठेवल्यानंतर लागते. एवढं ध्यानात घेतलं की बाकीचे नियम समजायला सोपे जातात.

आधी चढाचं गणित पाहू. सपाट रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरने जाताना बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते. पुढच्याच्या मागे राहिलं की बरेच श्रम वाचतात. चढावर वेग 10-12 वर आला की वाऱ्याचा अडथळा फारसा उरत नाही, झगडा सगळा वजनाशी असतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोली ते खंडाळा हा बोरघाट सुमारे 500 मीटर उंची चढतो. माणूस आणि सायकल मिळून 85 किलो धरा. हे वजन 50 मिनिटांत वर न्यायला साधारण 140 वॅट लागतात, 35 मिनिटांत न्यायचं तर जवळजवळ 200. वारा आणि घर्षण वेगळंच. ही जास्तीची 60 वॅट पंचविशीतल्या गड्याला परवडतील. साठीतला माणूस त्याच्या मागे हट्टाने लागला, तर त्याची किंमत धावताना चुकवतो, आणि हृदयाला ताण पडतो तो वेगळा.

म्हणून गटाचा पहिला नियम: चढावर ज्याचा त्याचा वेग, माथ्यावर सगळे एकत्र. थांबायचं ते रस्त्याच्या बाहेर, वळणावर कधीच नाही. फौजेत डोंगरातली चाल सगळ्यात मागच्या जवानावर बेततात. इथेही एक अनुभवी सायकलस्वार शेवटी ठेवा. तो माथ्यावर पोचला, म्हणजे गट पोचला.

स्वतःचा वेग ओळखायचा कसा? चढताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की गिअर हलका करा. पुढे 34 आणि मागे 32 दात असले तर बहुतेक घाट बसून चढता येतात. पायडल मिनिटाला 70 च्या आसपास फिरू द्या. उभं राहायचं असेल तर मागच्याला आधी सांगा, कारण उभं राहताना सायकल क्षणभर मागे येते आणि चाकं एकमेकांना लागतात.

उताराला घाई नको. दोन सायकलींमध्ये भरपूर अंतर ठेवा. ब्रेक वळणाआधी लावा, वळणात नाही. ट्रायथलॉनच्या सायकलीला पुढे एअरोबार असतात. तिथे कोपर टेकले की हात ब्रेकपासून दूर जातात. म्हणून गटात आणि उतारावर एअरोबार वर्ज्य. खड्डा, खडी, गाडी दिसली की हाताने आणि आवाजाने मागे कळवा.

खाणं भूक लागण्याआधी सुरू करा. दर 20-25 मिनिटांनी थोडं: केळं, चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी, उन्हाळ्यात जास्त. घरी पोचल्यावर लगेच बूट बदलून 15 मिनिटं सावकाश धावा. पाय साथ देत असतील तर राइड बरोबर झाली. देत नसतील तर पुढच्या वेळी चढ हळू चढा.

दिल्लीत घाट कुठे, असं तुम्ही विचाराल. गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यावर अरवलीचे छोटे चढ आहेत, तेच दोन-चारदा करायचे. पहाटे, मागे लाल दिवा लावून, आणि थंडीत हवेचा निर्देशांक पाहूनच. हवा वाईट असेल त्या दिवशी घरातला ट्रेनर बरा. मोठा चढ हवा असेल तर देहरादून-मसुरी आहे. बेळगाव-गोव्याकडच्यांना चोर्ला, वाईकरांना पसरणी घाट. नागपूर काही घाटांचं शहर नाही, तरी तिथले डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली अमेरिका आरपार जाणारी रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली. त्याच वर्षी सेनेतले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही.

शेवटचं, आणि माझ्या वयाच्या मंडळींसाठी. सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या. चढावर छातीत दाब, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर तिथेच उतरा आणि सोबत्याला सांगा. तो दिवस तिथेच संपला, वैद्यकीय मदत आधी. आणि गटाने, "अरे, थोडंच राहिलंय" असं म्हणू नये. अशा वेळी थांबणाऱ्याबरोबर जो थांबतो, त्याच्याचबरोबर पुढच्या रविवारी निघा.

भेटूया पुढच्या भागात. जय हिंद.