रिकाम्या जागी कोणता शब्द?

न्यू जर्सी, अमेरिका

आपल्याकडच्यासारखे परीक्षा मंडळ अमेरिकेत नाही. प्रत्येक राज्याचा अभ्यासक्रम वेगळा, त्यातही गावोगावच्या शाळा-मंडळांचा शब्द चालतो. म्हणूनच एसएटी या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेतल्या प्रश्नांचे रूप बदलले, की दूरदूरच्या वर्गांतली शिकवण्याची रीतही हलते. ही परीक्षा 1926 साली सुरू झाली आणि पुढची कित्येक दशके तिच्यात शब्द सुटे विचारले जात. विरुद्धार्थी शब्द ओळखा, शब्दांच्या जोड्या जुळवा, असा तो प्रकार होता. मुले हजारो शब्दांच्या याद्या घोकत. धावपटूला जशी मॅरेथॉन, तशी वल्हेकऱ्याला ‘रेगाटा’, ही त्यातली गाजलेली जोडी. रेगाटा म्हणजे नौकांची शर्यत. ती पाहायला मिळणाऱ्या सुखवस्तू घरांतल्या मुलांना हा प्रश्न सोपा आणि बाकीच्यांना अवघड, अशी टीका झाली आणि ती रास्त होती. विरुद्धार्थी शब्द 1994 मध्ये गेले, जोड्या 2005 मध्ये, आणि क्वचितच भेटणाऱ्या शब्दांवरचा भर 2016 मध्ये. 2024 पासून इथली परीक्षा संगणकावर होते. त्यात 25 ते 150 शब्दांचा छोटा उतारा, त्यात एक रिकामी जागा आणि खाली चार पर्याय, असा प्रश्न येतो.

हा बदल योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि वर्ध्याच्या वाचकाला ते पटायला फार वेळ लागू नये. ‘पावसाने … दिली’ या वाक्यात ओढ, उघडीप, हुलकावणी, साथ हे चारही शब्द व्याकरणाने बसतात. आता उतारा असा घ्या: आठ दिवस झड लागली होती, तण माजले होते, अखेर पावसाने … दिली आणि कपाशीत डवरे फिरू लागले. इथे फक्त ‘उघडीप’. दुसरा उतारा: मृगात पेरले, उगवलेही, पण नंतर आभाळात ढगाचा पत्ता नाही, पावसाने … दिली आणि दुबार पेरणीची पाळी आली. इथे ‘ओढ’. हुलकावणी म्हणावी तर ढग निदान येऊन तरी जायला हवे होते. पाऊस थांबला एवढेच घोकलेल्याला हा फरक सांगता येणार नाही. उतारा नीट वाचणाऱ्याला येईल.

यावर पहिला आक्षेप असा, की संदर्भावरून केलेला अंदाज पुष्कळदा चुकतो. हे खरेच आहे. 1999 साली दोन डच संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सहज वाचनात भेटलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी साधारण पंधराच मुलांच्या पदरी पडतात, असे दिसले. पण त्यातून वाचन वाढवा आणि अडेल तिथे शिक्षकाने अर्थ सांगावा, एवढेच निघते. यादीकडे परत जा, असे निघत नाही. दुसरा आक्षेप मात्र जड आहे. ज्याने डवरा पाहिलेला नाही, त्याला वरचा उतारा काय मदत करणार? उताऱ्यातले जग अनोळखी असेल तर संदर्भही मुका राहतो, आणि तिथे जुन्या रेगाटाचाच अन्याय नव्या वेषात येतो. एसएटीत साहित्य, इतिहास, विज्ञान असे नाना विषयांचे उतारे असतात. त्याने तो कमी होतो, संपत नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषा आणि हाताचे काम यांना शिक्षणाच्या मध्यभागी ठेवले, त्यात या आक्षेपाचे निम्मे उत्तर आहे, असे मला वाटते. टकळी हाती घेतलेल्या मुलाला ‘पेळू’ कोशात शोधावा लागत नाही. उरलेले निम्मे उत्तर भरपूर वाचनाचे, कारण सगळे जग हाताखालून जात नाही.

जिल्ह्यातल्या शिक्षकांना म्हणूनच विनंती, की हंगामाच्या बातम्यांतून असे चार-पाच ओळींचे उतारे करा, पर्याय एकमेकांच्या जवळचे ठेवा, आणि उत्तराइतकेच गुण ते कोणत्या वाक्यावरून ओळखले यालाही द्या.