उणे ११०

फोनच्या सेटिंगमध्ये आत आत शिरत गेलं की सिम स्टेटस नावाचं एक पान लागतं, आणि त्यात सिग्नल स्ट्रेंथच्या पुढे एक उणे आकडा दिसतो. टॉवर जवळ असला तर उणे ७५, उणे ८०. कोकण रेल्वेची गाडी चिपळूण सोडून डोंगराला लागली की तोच आकडा उणे ११० पर्यंत घसरतो. एकक डीबीएम. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या काड्यांकडे सगळ्यांचं लक्ष असतं, या आकड्याकडे सहसा कुणी बघत नाही. पण प्रवासात मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाची मीटिंग पार पडणार की नाही, हे बरंचसं इथे ठरतं.

उणे ११० डीबीएम म्हणजे एका वॅटचा शंभर लाख कोटीवा भाग. एकावर चौदा शून्यं मांडायची आणि त्या संख्येने एका वॅटला भागायचं. घरातल्या ९ वॅटच्या एलईडी दिव्याची शक्ती या मापाने वाटायला घेतली, तर जगातल्या प्रत्येक माणसाच्या हातात लाख-लाख फोन दिले तरी ती पुरून उरेल. अर्थात हे माप ४जीच्या एकाच बारीक उपवाहिनीचं. २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशा १,२०० उपवाहिन्या शेजारी शेजारी चालतात. त्या सगळ्यांची बेरीज केली तरी एका वॅटच्या लाख कोटीव्या भागाच्या जेमतेम बारा पट भरते. एवढ्याशा शक्तीतून फोन समोरच्याचा आवाज, चेहरा आणि त्याने शेअर केलेला एक्सेलचा तक्ता उभा करतो. मला हे आजच्या काळातलं सर्वांत थोर यंत्रकाम वाटतं, आणि ते आपल्या खिशात चालू असतं.

जाहिराती मात्र दुसराच आकडा विकतात: सेकंदाला किती मेगाबिट. व्हिडिओ मीटिंगला दोन-तीन मेगाबिट पुरतात, नुसत्या आवाजाला त्याचाही अगदी लहानसा हिस्सा. प्रवासात काम करणाऱ्याला शंभर मेगाबिटचा उपयोग फार थोडा. त्याला हवं असतं ते न तुटणारं, सलग नेट. वेग आणि सलगपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी मिळवणं पहिलीपेक्षा कितीतरी अवघड आहे.

ते का, हे समजायला लहरीच्या लांबीपासून सुरुवात करावी लागते. १,८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १६.७ सेंटिमीटर. टॉवरवरून निघालेली लहर फोनपर्यंत एकाच वाटेने येत नाही. डोंगराचा कडा, शेजारून जाणारी मालगाडी, विजेचे खांब, डब्याचा पत्रा, या सगळ्यांवर आपटून ती अनेक वाटांनी येते. काही जागी या वाटा एकमेकींना बळ देतात, काही जागी एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. पुसल्या जाण्याच्या अशा दोन जागांमध्ये साधारण अर्ध्या लहरीचं, म्हणजे सव्वाआठ-साडेआठ सेंटिमीटरचं अंतर असतं. हाताच्या पंजाची रुंदी तेवढीच. अशा खड्ड्यात सिग्नल शंभर पटींनी कमी होतो, कधी हजार पटींनीही.

आता गाडी ताशी १०० किलोमीटरने धावते आहे असं धरा. सेकंदाला ती जवळपास २८ मीटर पुढे जाते. म्हणजे दर सेकंदाला फोन असे तीनशेहून अधिक खड्डे ओलांडतो. आपण खिडकीतून शांत बाहेर बघत असतो आणि हातातल्या फोनमध्ये सिग्नल सेकंदाला तीनशे वेळा पडून उठत असतो.

यावर ४जीचा उतारा असा की टॉवर दर मिलिसेकंदाला नव्याने ठरवतो: कुणाला किती उपवाहिन्या द्यायच्या, माहिती किती दाट भरायची. एका मिलिसेकंदात गाडी तीन सेंटिमीटरही पुढे गेलेली नसते, म्हणजे खड्डा संपायच्या आत निर्णय बदलता येतो. एखादा तुकडा खराब पोचला तर फोन तो पुन्हा मागतो, आणि या मागण्या-देण्याचा फेरा सुमारे ८ मिलिसेकंदांत पुरा होतो. शिवाय फोनला आपलं बोलणं टॉवरपर्यंत नेमक्या क्षणी पोचवावं लागतं, नाहीतर दुसऱ्याच्या बोलण्यावर ते आदळेल. म्हणून टॉवर त्याला ‘थोडं लवकर निघ’ किंवा ‘थोडं उशिरा निघ’ असं सांगत राहतो. हे माप सुमारे ७८ मीटरच्या पायरीचं आहे. टॉवरच्या दिशेने सरळ धावणाऱ्या गाडीत दर पावणेतीन-तीन सेकंदांनी एक पायरी बदलते. टॉवर बदलताना तर सगळा संसार उचलून दुसरीकडे मांडायचा असतो, आणि तोही सेकंदाच्या छोट्याशा अंशात. ४जीची आखणी करणाऱ्यांनी ताशी ३५० किलोमीटरपर्यंतचा वेग मनात धरला होता, ५जीच्या वेळी तो ५०० वर नेला. आपल्या गाड्यांचा वेग ही या तंत्राची अडचण नाहीच.

अडचण बऱ्याचदा उलट्या दिशेला असते. टॉवरवरचा रेडिओ साधारण ४० वॅटने बोलतो. फोनला मुभा आहे ०.२ वॅटची. दोनशे पटींचा फरक. म्हणून कव्हरेजच्या कडेला एक ठरावीक प्रकार घडतो: आपल्याला सगळ्यांचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं आणि तिकडून मात्र सारखं ‘तुमचा आवाज तुटतोय’ असं येत राहतं. काड्या दोन-तीन दिसतात, तरी. काड्या टॉवरचा आवाज मोजतात. आपला आवाज तिकडे कसा पोचतो ते त्या सांगत नाहीत. अशा वेळी आपला कॅमेरा बंद करणं हा सर्वांत खात्रीचा उपाय, कारण चढत्या वाटेवरचं बहुतेक ओझं तोच असतो.

एसी डब्यात या ०.२ वॅटचीही पुरती दैना होते. डब्याचं अंग पोलादी. उन्हाची धग परतवायला काचेवर धातूचा पातळ थर दिलेला असेल तर लहरींचे २० डेसिबल त्या काचेतच जिरू शकतात, म्हणजे ताकद शंभरावर एक उरते. जाताना शंभर पट तोटा, येताना शंभर पट तोटा. साध्या स्लीपरच्या उघड्या खिडकीत जो फोन नीट चालतो, तोच एसीच्या मधल्या बर्थवर गपगार पडतो, याचं कारण हे. एक फोन हॉटस्पॉट करून खिडकीशी ठेवायचा आणि लॅपटॉप त्याला वायफायने जोडायचा. दुसऱ्या कंपनीचं सिम हाताशी असेल तर ते त्याच फोनमध्ये घालून ठेवावं, कारण दोन कंपन्यांचे आंधळे पट्टे सहसा अगदी एकाच जागी येत नाहीत. कोकणात एकेरी मार्गावर गाडी क्रॉसिंगला थांबते, तेव्हा वर सांगितलेल्या खड्ड्यांचा हिशेबही कामाला येतो. गाडी उभी म्हणजे फोनही एकाच खड्ड्यात अडकून पडलेला असू शकतो. तो वीतभर सरकवला तर बऱ्याचदा नेट परत येतं.

पुण्याच्या आयटीतल्या माणसाचा क्लायंट न्यूयॉर्कला असेल तर हिशेब आणखी आवळतो. संवाद सहज वाटायला आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साधारण १२,५०० किलोमीटर, म्हणजे किमान ६० ते ६५ मिलिसेकंद. पण केबल सरळ जात नाहीत. अरबी समुद्र, तांबडा समुद्र, भूमध्य, मग अटलांटिक असा वळसा घालतात, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी वेळ जातो. २००८ च्या जानेवारीअखेर अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट आठवडाभर रखडत चाललं होतं, ते या वळशामुळेच. समुद्राने आपला वाटा घेतल्यावर प्रवासातल्या माणसाच्या हाती उरतात जेमतेम काही डझन मिलिसेकंद. त्यातच फोन, टॉवर, खराब तुकड्यांच्या पुन्हा मागण्या, सगळं बसवायचं. ८-८ मिलिसेकंदांचे पाच-सहा फेरे झाले की ते संपतात आणि वाक्याचा मधला शब्द गळतो.

उपग्रहाने हे सुटेल का? भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो. नुसतं वर जाऊन खाली यायलाच सुमारे २४० मिलिसेकंद लागतात, म्हणजे १५० ची मर्यादा निघण्याआधीच मोडलेली. ५५० किलोमीटरवरच्या उपग्रहांना तेच अंतर चार मिलिसेकंदांहून कमी वेळात पार होतं. मात्र ते सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावतात आणि दीड तासाच्या आसपास पृथ्वीची फेरी पुरी करतात. स्टारलिंकचं जाळं कुठल्या डिशने कुठल्या उपग्रहाशी बोलायचं हे दर १५ सेकंदांनी नव्याने ठरवतं. हजाराहून अधिक चिमुकले अँटेना असलेली ती सपाट डिश जागची न हलता आपली नजर वळवते. २०२५ मध्ये या सेवेला भारतात परवाना मिळाला. माळरानावर, देशावरच्या मोकळ्या महामार्गावर तिचा उपयोग मोठा आहे. नारळी-पोफळीच्या दाटीत, घाटाच्या कुशीत, जिथे आकाशच फाळकाभर दिसतं तिथे ती अडखळणार.

आणि बोगद्यात तर आकाशच नाही. कोकण रेल्वेचा मार्ग ७४१ किलोमीटरचा, त्यावर नव्वदहून अधिक बोगदे, मिळून सुमारे ८४ किलोमीटर. ताशी ७५ किलोमीटरचा वेग धरला तर एका पूर्ण प्रवासात तासाहून अधिक वेळ माणूस डोंगराच्या पोटात असतो. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. त्याच वेगाने त्याला पाच मिनिटांहून अधिक लागतात. फोन बोलत असताना आवाजाचे साधारण ५० तुकडे दर सेकंदाला पाठवतो. म्हणजे एका करबुड्यात पंधरा हजारांहून अधिक तुकडे हरवतात. इथे टॉवरची ताकद वाढवून काही होत नाही. बोगद्यात लांबच लांब केबल टाकावी लागते, जिच्या आवरणाला मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात, म्हणजे सिग्नल वाटेत सतत झिरपत राहतो. जगभरच्या मेट्रोंच्या भुयारांत हीच पद्धत चालते.

पावसाचाही एक वाटा आहे. डोंगरावरच्या अनेक टॉवरपर्यंत फायबर गेलेलं नाही. ते गोल डिशमधून सूक्ष्मलहरींनी पुढच्या टॉवरशी जोडलेले असतात. १८ गिगाहर्ट्झच्या अशा दुव्यात ताशी १०० मिलिमीटर दराचा पाऊस शिरला तर दर किलोमीटरला ताकद दहा पटींनी घटते. पाच किलोमीटरला एक लाख पटींनी. आषाढातल्या झोडपणाऱ्या सरीत काड्या भरलेल्या दिसतात आणि नेट मात्र मेलेलं असतं, ते यामुळे. फोन ते टॉवर हा दुवा धडधाकट असतो. टॉवरच्या मागचा दुवा गेलेला असतो.

देशात आठ लाखांच्या घरात टॉवर आहेत. भारताच्या क्षेत्रफळाला भागलं तर चार चौरस किलोमीटरला एक, इतकी सरासरी निघते. ही सरासरी प्रवासातल्या माणसाच्या काहीच कामाची नाही. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना कव्हरेजचे नकाशे प्रसिद्ध करायला लावले, हे चांगलंच झालं. आता मार्गांचे आकडे हवेत: रोहा ते मडगाव, मुंबई ते नागपूर, कराड ते चिपळूण, कुठल्या किलोमीटरला किती सेकंद आवाज तुटतो ते. कारण हा प्रश्न लॅपटॉपवाल्यांपुरता राहिलेला नाही. टीटीईच्या हातातलं यंत्र, डब्यात वडे विकणाऱ्याचं यूपीआय, घाटात उलटलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरचा ११२ चा फोन, सगळं त्याच उणे ११० वर उभं आहे. २०२२ मध्ये एका लिलावात दीड लाख कोटी रुपयांचा स्पेक्ट्रम विकणाऱ्या देशाला ८४ किलोमीटर बोगद्यांत केबल टाकणं जड नाही. सुरुवात करबुडेपासून करावी.