गोल आवाजाचा सायलेन्सर

‘सायलेन्सर आतून मोकळा केला की जुन्या बुलेटचा आवाज भरदार होतो,’ असे वरच्या वर्गातली मुले मोठ्या खात्रीने सांगतात. गॅरेजमध्येही हेच ऐकू येते. ही समजूत तपासण्याच्या निमित्ताने ध्वनीच्या धड्यातल्या बऱ्याच गोष्टी मुलांसमोर ठेवता येतात, आणि त्या ऐकायला वर्ग आपणहून शांत बसतो. उत्तर आधीच सांगून टाकू. सायलेन्सर मोकळा केला की आवाज मोठा होतो, भरदार होत नाही. भरदार, घुमणारा, गवयी ज्याला ‘गोल’ म्हणतात तसा आवाज हवा असेल तर सायलेन्सरच्या आत जास्त काही असावे लागते, कमी नव्हे.

या वस्तूला ब्रिटनमध्ये सायलेन्सर म्हणतात आणि अमेरिकेत मफलर. आपल्याकडे मफलर थंडीत गळ्याभोवती येतो. शब्दामागची कल्पना दोन्हीकडे एकच, गुंडाळून झाकण्याची. आपण या लेखात सायलेन्सरच म्हणू.

उदाहरण म्हणून जुनी, बिडाच्या सिलिंडरची ३५० सीसी बुलेट घेऊ. मद्रासमध्ये १९५५ साली हिची जुळणी सुरू झाली आणि बिडाचे इंजिन २०१० च्या सुमारापर्यंत चालू राहिले. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव ९० मिलिमीटर. यावरून घनफळ काढायला मुलांना सांगा, ३४६ घनसेंटिमीटर येईल.

इंजिनात पेट्रोल जळून दट्ट्या खाली येत असतो. तो तळाला पोचण्याच्या थोडा आधीच एक्झॉस्टची झडप उघडते. त्या क्षणी सिलिंडरमधल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो. फुगा फुटावा तसा हा वायू नळीत झेपावतो आणि त्याच्यापुढे दाबाची एक लाट धावते. आपण ऐकतो ती ही लाट. धूर तिच्या मागून सावकाश येतो.

चार धावांच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा स्फोट होतो. उभी बुलेट मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर मिनिटाला ४०० स्फोट, म्हणजे सेकंदाला जेमतेम सात. आपल्या कानाला सेकंदाला सुमारे २० कंपनांच्या खालचा सूर सूर म्हणून ऐकू येत नाही, म्हणून हे सात ठोके सुटे सुटे ऐकू येतात. बुलेटची प्रसिद्ध धडधड ती हीच. ३००० फेऱ्यांना सेकंदाला २५ स्फोट होतात आणि ठोके मिसळून घरघर होऊ लागते. चार सिलिंडरांची अॅम्बॅसडर किंवा फियाट त्याच ३००० फेऱ्यांना सेकंदाला १०० स्फोट करते, त्यामुळे तिच्यातून अखंड सूर निघतो. कोणताही सायलेन्सर लावला तरी फियाट बुलेटसारखी धडधडणार नाही. ठोक्यांची संख्या इंजिन ठरवते, सायलेन्सर नाही.

मग सायलेन्सर काय ठरवतो? ठोक्याचा पोत. प्रत्येक ठोका हा अचानक चढणारा आणि उतरणारा दाब असतो. असा तीक्ष्ण धक्का म्हणजे मूळ कंपनसंख्या आणि तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा शेकडो पटींच्या स्वरांची बेरीज. धक्का जितका तीक्ष्ण, तितका त्यात वरच्या स्वरांचा वाटा मोठा. तंबोरा जुळवताना हे ऐकायला मिळते. तारेखालचा जवारीचा दोरा किंचित सरकवला की तीच तार, तोच ताण असूनही आवाज खुलतो, त्यात वरचे स्वर झंकारतात. दोरा काढून घेतला की आवाज बंद, गोलसर होतो. तंबोऱ्यात आपल्याला वरचे स्वर हवे असतात. बुलेटमध्ये तेच नको असतात. खालचे स्वर राहू द्यायचे आणि वरचे गाळायचे, एवढेच गोल आवाजाचे रहस्य आहे. आपला कान साधारण २००० ते ५००० कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, म्हणून तिथला थोडासा आवाजही कर्कश वाटतो.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. जाड पुठ्ठ्याची हातभर लांब नळी घ्या. एका टोकाशी ट्रान्झिस्टरवर किंवा मोबाइलवर बातम्या लावा आणि ते टोक कापडाने गुंडाळा, म्हणजे आवाज फक्त नळीतून येईल. दुसऱ्या टोकाशी कान लावून ऐका. आता नळीत सैलसर कापूस भरा आणि पुन्हा ऐका. बातमीदाराचा ‘आ’, ‘ओ’ बऱ्यापैकी ऐकू येतो, पण ‘स’, ‘श’, ‘छ’ जवळजवळ नाहीसे होतात. ही अक्षरे वरच्या कंपनसंख्येची असतात आणि कापूस आधी त्यांनाच गिळतो. आवाज लहान तर झालाच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो मऊ झाला.

कापसाची ही रीत सायलेन्सरमध्येही वापरतात. मधून भोके पाडलेली सरळ नळी जाते आणि तिच्याभोवती, बाहेरच्या कवचापर्यंत, काचतंतूंची लोकर म्हणजे ग्लासवूल ठासलेली असते. लाट भोकांतून लोकरीत शिरते, तंतूंशी घर्षण होऊन तिच्या ऊर्जेची उष्णता होते. मात्र लोकरीची जाडी लाटेच्या लांबीच्या मानाने नगण्य असेल तर तिचा काही उपयोग होत नाही. साधारण ३५० अंश सेल्सियसच्या वायूत ध्वनी सेकंदाला ५०० मीटर वेगाने जातो. तिथे ४००० कंपनांच्या लाटेची लांबी साडेबारा सेंटिमीटर, तर १०० कंपनांच्या लाटेची तब्बल ५ मीटर. दोन-तीन सेंटिमीटर लोकर पहिलीला चांगलीच अडवते, दुसरीला तिचा पत्ताही लागत नाही. आपल्याला नेमके हेच हवे होते.

दुसरी रीत डब्याची. अरुंद नळी अचानक रुंद डब्यात उघडली की लाटेचा काही भाग उलटा फिरतो, डब्यातून पुन्हा अरुंद नळीत शिरताना आणखी काही. या उलटलेल्या लाटा मागून येणाऱ्या लाटांशी भिडून एकमेकींना काटतात. डबा नळीच्या दुप्पट व्यासाचा असेल तर अशा एका डब्याने जास्तीत जास्त साडेसहा डेसिबल कमी होतात, तिप्पट व्यासाचा असेल तर १३. तेरा डेसिबल म्हणजे ध्वनिऊर्जा विसाव्या हिश्शावर! सायलेन्सर जाड का असावा याचे उत्तर यातच आहे.

पण डबा सगळ्या स्वरांना सारखे वागवत नाही. त्याची लांबी लाटेच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाइतकी असेल तेव्हा तो सर्वांत चांगला अडवतो, आणि अर्ध्याइतकी असेल तेव्हा काहीच अडवत नाही. ३० सेंटिमीटरचा डबा गरम वायूत सुमारे ४२० कंपनांना कापतो आणि ८३० ला मोकळी वाट देतो. म्हणून चांगल्या सायलेन्सरमध्ये वेगवेगळ्या लांबीचे दोन-तीन कप्पे असतात. एकाच्या वाटेतून सुटलेला स्वर दुसऱ्यात सापडतो. सकाळी थंड बुलेटचा आवाज वेगळा का वाटतो, यामागेही हे एक कारण आहे. २७ अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग ३४७ मीटर. आता तोच डबा कोणत्या स्वराला कापेल, हे गणित मुलांकडून करून घ्यावे.

पदार्थविज्ञान घेतलेल्या विद्यार्थ्यांना आणखी एक सांगता येईल. डब्यातली हवा स्प्रिंगसारखी दबते, आणि शेवटच्या लांब नळीतली हवा वजनासारखी पुढेमागे हलते. स्प्रिंगला टांगलेले वजन सावकाश हलवले तर हाताबरोबर जाते, भराभर हलवले तर जागच्या जागी राहते. तसेच मोठा डबा आणि लांब शेपूट यांतून खालचे स्वर निघून जातात, वरचे आतच अडतात.

आता मोकळ्या केलेल्या सायलेन्सरकडे परत येऊ. आतले पडदे कापून काढले की तीक्ष्ण धक्का जसाच्या तसा बाहेर येतो. खालचे स्वर आधीही बाहेर येतच होते. नव्याने वाढतात ते वरचे. शिवाय रिकामे कवच स्वतःच थरथरते आणि पत्र्याचा किणकिणाट त्यात मिसळतो. बाहेरच्या बाजूला रुंदावत जाणारा, आतून रिकामा भोंग्यासारखा सायलेन्सर तर आणखी वाईट. सनईचा किंवा कर्ण्याचा पसरट शेवट नळीतला आवाज बाहेरच्या हवेत सोपवण्याचे काम चोख करतो. वाद्याला ते शोभते, वाहनाला नाही.

‘बॅक प्रेशर पाहिजेच’ हेही गॅरेजमधले एक आवडते वाक्य. चार धावांच्या इंजिनाला उलटा दाब कधीच नको असतो. त्याला हवी असते योग्य लांबी-रुंदीची नळी. दाबाची लाट नळीच्या मोकळ्या तोंडापर्यंत पोचली की तिथून विरळपणाची लाट परत फिरते. झडप मिटण्याच्या आत ती पोचली तर सिलिंडरमधला उरलेला वायू ओढून घेते. सायलेन्सर बदलला की हे वेळापत्रक बदलते. कार्बुरेटरचा जेट जुन्या सायलेन्सरसाठी बसवलेला असेल तर मिश्रण विरळ होऊन इंजिन तापू शकते. ‘बॅक प्रेशर गेले’ म्हणून ज्या तक्रारी येतात, त्यांतल्या बऱ्याच खरे तर जेटच्या असतात. येझदी किंवा आरएक्स १०० अशा दोन धावांच्या गाड्यांत तर एक्झॉस्टची नळी हा इंजिनाचाच भाग असतो. परतणारी लाट ताजे मिश्रण वाया जाण्यापासून वाचवते. तिथे मूळ आकाराचाच सायलेन्सर बसवावा. आवाजाच्या हौसेला त्या गाड्यांत फारशी जागा नाही.

बुलेटसाठी बाजारात लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल, गोल्डस्टार, पंजाब, इंदोरी अशी किती तरी नावे मिळतात. गोल्डस्टार हे नाव बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या मोटारसायकलीवरून आले. पण एकाच नावाखाली दोन दुकानांत आतून अगदी वेगळ्या वस्तू मिळतात, तेव्हा नावावर जाऊ नये. सायलेन्सर हातात घेऊन वजन पाहावे. हलका म्हणजे पत्रा पातळ आणि आत काही नाही. बोटाच्या पेराने ठोकावे. ‘टण्ण’ वाजला तर रस्त्यावरही तसाच वाजेल, ‘ठप्प’ असा बसका आवाज आला तर कवच दुहेरी किंवा लोकर भरलेले असण्याचा संभव अधिक. एका टोकातून विजेरी मारून दुसरीकडून पाहावे. आरपार उजेड दिसला तर नळीच्या कडेला भोके आणि त्यामागे लोकर आहे का ते पाहावे. नसेल तर ती नुसती नळी आहे. घनफळही मोजावे. ९ सेंटिमीटर व्यास आणि ६० सेंटिमीटर लांबीच्या कवचात ३.८ लिटर जागा असते, म्हणजे सिलिंडरच्या अकरापट. शॉर्ट बॉटल दिसायला सुबक असते, पण जागाच कमी असल्याने तिच्याकडून गोल आवाजाची अपेक्षा करणे चूक आहे. माझी पसंती लांब, कप्पे आणि लोकर दोन्ही असलेल्या सायलेन्सरला. लोकर मात्र काही वर्षांत जळून, उडून जाते आणि आवाज हळूहळू फाटत जातो. ती पुन्हा भरता येईल असे झाकण असले तर उत्तम.

खरेदीच्या आधी इंजिन आणि नळी यांचा सांधा तपासावा. तिथली गॅस्केट गेली असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि थ्रॉटल सोडताच न जळलेले पेट्रोल नळीतच पेटून फटाके वाजतात. काही रुपयांची गॅस्केट बदलून जो आवाज सुधारतो, त्यासाठी नवा सायलेन्सर कशाला?

कायद्याचीही थोडी माहिती हवी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रत्येक वाहनाला सायलेन्सर सक्तीचा करतो, आणि विशेष म्हणजे प्रसरणाच्या डब्याचा, म्हणजे वर पाहिलेल्या रुंद डब्याचा, त्यात नावानिशी उल्लेख आहे. १७५ सीसीवरच्या नव्या मोटारसायकलीसाठी मर्यादा ८० डेसिबल-ए. पुण्याच्या एआरएआय या संस्थेत अशा चाचण्या होतात. यातला ‘ए’ महत्त्वाचा. हे मोजमाप कानाच्या संवेदनेनुसार तोललेले असते. १०० कंपनांच्या आवाजातून मापक १९ डेसिबल वजा करतो, ५० कंपनांच्या आवाजातून ३०. हजारच्या आवाजातून मात्र काहीच नाही. म्हणजे गोल आवाज कायद्यात सहज बसू शकतो आणि कर्कश आवाज सापडतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १०,००० रुपयांपर्यंत होऊ शकतो. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत जप्त केलेले सायलेन्सर ओळीने मांडून त्यांवरून रोलर फिरवल्याच्या बातम्या वाचकांनी पाहिल्याच असतील. अर्थात मापकाला जे चालते ते शेजाऱ्याला चालेलच असे नाही. भिंती वरचे स्वर चांगले अडवतात, खालचे नाही. रात्री अकराला गल्लीत उभ्या केलेल्या गोल आवाजाच्या बुलेटनेही खिडकीची काच थरथरते.

शेवटी गंजाविषयी. पेट्रोलमध्ये हायड्रोजन असतो, म्हणून ते जळल्यावर पाणी बनते. ऑक्टेनचे समीकरण सोडवून पाहा, एक लिटर पेट्रोलपासून सुमारे एक लिटर पाणी होते. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन जाते. गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरता तापतच नाही; पाणी आत साचून कवच आतून गंजते आणि आतले पडदे सैल होऊन खडखडू लागतात. चांगल्या सायलेन्सरला तळाशी सर्वांत खालच्या जागी मोहरीएवढे भोक असते. ते या पाण्यासाठी ठेवलेले असते. गळती समजून ते वेल्डिंगने बुजवू नये.